गॅलरीतला पॉइनसेटिया लाल का होत नाही? (आणि मुंबईच्या झाडांना दिवस लहान झालेला कळतो का?)

तिसरा_मजला | २ डिसेंबर, रात्री १०.४०

मंडळी, मुलुंडला आमची पूर्वेकडची गॅलरी आहे. चार वर्षांपूर्वी दादरहून पॉइनसेटियाची कुंडी आणली होती. दर वर्षी नाताळाच्या आसपास सगळं झाड लालभडक व्हायचं, इतकं की समोरच्या विंगमधले लोक विचारायला यायचे. यंदा डिसेंबर उजाडला तरी एक पान लाल नाही. झाड आजारी म्हणावं तर तसंही नाही. हिरवंगार, टवटवीत, उलट नेहमीपेक्षा जास्तच वाढलंय.

खत तेच, पाणी तेच. बदल एकच झालाय. गणपतीच्या दिवसांत आवारातून एक स्कूटर चोरीला गेली, म्हणून सोसायटीनं गेटवर एलईडीचा फ्लडलाइट लावला. तो थेट आमच्या गॅलरीत येतो. बहिणीचं म्हणणं, "त्या दिव्यानंच घात केलाय, झाडाला रात्र मिळत नाही." नवऱ्याचं म्हणणं, "लंडनला दिवस लहानमोठा होतो ते समजू शकतो. मुंबईत असा कितीसा होतो? झाड काय मनगटावर घड्याळ बांधून बसलंय?"

तर खरंच झाडांना दिवसाची लांबी कळते का? आणि मुंबईत कळण्याइतका फरक पडतो का? पैज लागलेली आहे, मिसळीची.

---

कुंडीतला_माळी | २ डिसेंबर, रात्री ११.०५

बहीण जिंकली. मिसळ घेऊन टाका.

उद्यापासून संध्याकाळी पाच-सहाला झाडावर मोठा खोका उपडा घाला, सकाळी आठला काढा. चौदा तास मिट्ट काळोख हवा. फटीतूनही उजेड येता कामा नये. सहा ते आठ आठवडे, एकही दिवस न चुकता. दिवसा मात्र भरपूर ऊन.

---

निशाचर | २ डिसेंबर, रात्री ११.५२

मी अमेरिकन वेळेवर काम करतो, रात्रभर डोळ्यांसमोर पांढरा उजेड. लाल व्हायचं सोडा, हिरवाही राहिलो नाही. माझ्यावरही खोका घाला कुणीतरी.

---

पेशीपुराण | ३ डिसेंबर, सकाळी ७.१५

निवृत्त शिक्षक, वनस्पतिशास्त्र. त्यामुळे थोडं लांबेल, सवयीचा दोष.

आधी आकडे. मुंबईत २१ जूनच्या आसपास दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि २२ डिसेंबरच्या आसपास अकरा तासांचा. फरक सव्वादोन तास. लंडनमध्ये हाच दिवस जूनमध्ये साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरात आठ तासांहूनही कमी. त्यामुळे तिसरा_मजला यांच्या यजमानांना वाटतं ते अगदीच गैर नाही.

पण पॉइनसेटिया मूळचा कुठला? मेक्सिकोचा. मेक्सिको सिटी साधारण १९.४ उत्तर अक्षांशावर आहे आणि आपली मुंबई १९ वर. म्हणजे या झाडाच्या हजारो पिढ्या ज्या दिवस-रात्रीत वाढल्या, ती जवळजवळ आपलीच. सव्वादोन तासांच्या फरकातून ऋतू ओळखणं हाच त्याचा पिढीजात धंदा. लंडनमध्ये ते पाहुणं आहे, मुलुंडमध्ये घरचं.

आता हे माणसाला कसं कळलं ते. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोन सरकारी शास्त्रज्ञ 'मेरिलँड मॅमथ' नावाच्या तंबाखूनं हैराण झाले होते. उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी वाढायची पण फुलायची नाही. तीच हिवाळ्यात काचघरात नेली की फुलायची. खत, पाणी, तापमान सगळं तपासून झालं. शेवटी भर उन्हाळ्यात दुपारीच कुंड्या काळोख्या खोपटात ढकलायला लागले आणि तंबाखू फुलली. १९२० साली त्यांनी हे छापलं. ज्या झाडांना फुलायला दिवस लहान लागतो ती लघुदिवसी, मोठा लागतो ती दीर्घदिवसी, आणि ज्यांना काही फरक पडत नाही ती दिवसनिरपेक्ष.

पुढची गंमत १९३८ची. हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणारी काटेरी फळं येतात त्या एका तणावर प्रयोग केले. दिवसाच्या मधोमध थोडा वेळ अंधार केला तर झाडाला काही वाटेना. पण रात्रीच्या मधोमध काही मिनिटं दिवा लावला की फुलणं बंद. झाड दिवस मोजत नव्हतंच, सलग काळोख मोजत होतं. नाव 'लघुदिवसी' पडलं, खरं म्हणायला हवं 'दीर्घरात्री'.

काळोख मोजण्यासाठी पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. तांबडा उजेड पडला की ते एका रूपात जातं, अंधारात हळूहळू परत फिरतं. पूर्वी वाटायचं, हेच वाळूचं घड्याळ. आता आपल्याला माहीत आहे की झाडाच्या आत वेगळं चोवीस तासांचं घड्याळ चालू असतं आणि 'यावेळी उजेड आहे की नाही' एवढंच फायटोक्रोम त्याला कळवतं. तुमचा फ्लडलाइट रोज रात्री निरोप देतोय की अजून जूनच आहे. झाडानं त्यावर विश्वास ठेवला.

---

सडेतोड | ३ डिसेंबर, सकाळी ९.३०

सर, माहिती छान. पण मला हे सगळं काचघरातलं वाटतं. मुंबईत ऋतू म्हणजे पाऊस आणि पावसाची वाट बघणं. आपल्याकडची झाडं पाणी आणि तापमान यांवर चालतात. हापूसचं बघा. थंडी पडली की मोहोर, नाही पडली की बोंब. त्यात दिवसाची लांबी कुठे आली? यंदा थंडीच पडली नाही म्हणून यांचा पॉइनसेटिया रुसला असेल.

---

पेशीपुराण | ३ डिसेंबर, सकाळी १०.१०

सडेतोड, हापूसबद्दल शंभर टक्के मान्य. आंब्याचा मोहोर गारव्यावर ठरतो, दिवसाच्या लांबीशी त्याला देणंघेणं नाही. प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा.

पण म्हणून उष्ण कटिबंधात कुणालाच दिवस कळत नाही असं नाही. पनामात, म्हणजे विषुववृत्तापासून जेमतेम ९ अंशांवर, मुंग्यांच्या मागे हिंडणारा एक छोटा पक्षी असतो. तिथे वर्षभरात दिवस तासाभरानंच बदलतो. १९९८ साली दाखवून दिलं गेलं की दिवस फक्त १७ मिनिटांनी वाढवला तरी त्या पक्ष्याची जननेंद्रियं वाढीला लागतात आणि तो जास्त गायला लागतो. १७ मिनिटं! आपल्याकडे तेवढी लोकल लेट होते आणि आपण मान वर करून बघत नाही.

---

कराडचा_ऊस | ३ डिसेंबर, दुपारी १.२०

राहायला डोंबिवली, शेती कराडला. सडेतोड साहेब, एकदा उसाला तुरा आलेला शेतकरी बघा, मग म्हणा काचघरातलं. दिवस साडेबारा तासांच्या आसपास आला की उसाच्या शेंड्याला आतून फुलायचा हुकूम सुटतो. आपल्याकडे ते ऑगस्ट-सप्टेंबरात ठरतं, तुरा दिसतो नोव्हेंबरात. दिसतो तेव्हा हातात काही राहिलेलं नसतं. उसाची वाढ थांबते, पोकळ पडायला लागतो, आणि तोड लांबली तर वजन घटतं. तापमान, पाणी, जात यांचाही वाटा आहे, पण सुरुवात दिवसाच्या लांबीची.

आणि कांदा! भावानं अमेरिकेतून हौसेनं बियाणं आणलं होतं. गोड कांदा, एवढा मोठा होतो म्हणाला. लावला. पात आली, अजून पात आली, गुडघ्याएवढी पात झाली, खाली बोटभर जाड मुळी. त्या जातीला गड्डा धरायला चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. कराडात तो येणार कुठून? आपल्या जातींना साडेअकरा-बारा तास पुरतात. महिनाभर झुणका खाल्ला पातीचा.

---

मिनू_गोरेगाव | ३ डिसेंबर, दुपारी २.०५

पातीचा झुणका वाईट नसतो हो. भाकरीबरोबर तर नाहीच.

---

माणगावची_सून | ३ डिसेंबर, दुपारी ३.४५

आमच्याकडे भातात हळवं (लवकर येणारं), निमगरवं (मधलं), गरवं (उशिरा येणारं) असे प्रकार आहेत. सासरे सांगायचे, जुनं गरवं भात पंधरा दिवस आधी पेरा की उशिरा, निसवणार, म्हणजे लोंबी टाकणार, ते आपल्याच वेळेला. उशिरा लावलं तर रोप बुटकं राहतं, पण दसरा चुकवत नाही. मला वाटायचं ही बोलायची पद्धत. आज वर वाचून कळलं की भातही रात्र मोजतंय. आणि गरवं भात वायंगणी, म्हणजे उन्हाळी, का लावत नाहीत तेही आत्ता लक्षात आलं. तेव्हा दिवस वाढत असतो ना?

वालाचंही तसंच असणार. गावठी वाल थंडी आल्याशिवाय फुलावर येत नाही आणि शेंगा आल्याशिवाय मडक्यातली पोपटी नाही.

---

पेशीपुराण | ३ डिसेंबर, दुपारी ४.३०

माणगावची_सून, अगदी बरोबर ओळखलंत. वाल आणि तूर, दोघांच्या जुन्या जाती लघुदिवसी. भाताच्या बाबतीत १९६६ साली फिलिपिन्समधल्या संशोधन संस्थेनं आयआर-८ हा भाताचा वाण आणला. तो बुटका होता म्हणून गाजला, पण त्याला दिवसाच्या लांबीचं सोयरसुतक नव्हतं हीसुद्धा तितकीच मोठी गोष्ट. पाणी असेल तर वर्षात केव्हाही लावा. पंचांग विसरलेलं भात म्हणा ना.

---

कुंडीतला_माळी | ३ डिसेंबर, संध्याकाळी ५.१०

शेवंतीवाले हेच उलट वापरतात. रात्री पुणे-तळेगावच्या बाजूला एखादं पॉलिहाऊस दिव्यांनी उजळलेलं दिसलं तर ते लग्न नव्हे. शेवंतीची कोवळी रोपं असतात. मध्यरात्री उजेड देऊन त्यांना फुलू देत नाहीत, दांडा उंच झाला की दिवे बंद. मग काळं कापड ओढून रात्र मोठी करायची, की ठरल्या तारखेला फूल बाजारात.

ड्रॅगन फ्रूट याच्या विरुद्ध, त्याला मोठा दिवस लागतो. व्हिएतनाममध्ये हिवाळ्यात मैलोन् मैल बागा बल्बांनी पेटवलेल्या असतात, बिगरहंगामी फळासाठी. आता आपल्याकडचे काही शेतकरीही करून बघतायत.

पानफुटीचा नखरा तर आणखी वेगळा. आधी मोठे दिवस भोगलेले हवेत आणि मग लहान, तरच फुलणार. नुसते लहान चालत नाहीत, नुसते मोठे चालत नाहीत.

---

खवचट_खानावळ | ३ डिसेंबर, संध्याकाळी ६.००

पानफुटी म्हणजे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी.

---

वेसावकर | ३ डिसेंबर, रात्री ८.२०

झाडांचं माहीत नाही, आमच्या समुद्राचं सांगतो. दिव्याचा विषय निघालाच आहे म्हणून.

आमची पारंपरिक डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीवर चालते. उधाणाला ओढ जोरात, जवळा-बोंबील चांगला पडतो. भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी मेलेलं, जाळं नुसतं लोंबकळतं. तिला दिवस-रात्र फारशी कळत नाही, भरती-ओहोटी कळते. पण काळोखाच्या रात्री, म्हणजे अवसेच्या अलीकडे पलीकडे, भर समुद्रात हजारो वॉटचे एलईडी पाण्यावर सोडून मासेमारी चालते. तारली, बांगडा, माकूल सगळं त्या उजेडाखाली गोळा होतं, लहान पिल्लासकट. मग एका फेरीत सगळं घेऊन जायचं. पुनवेला तोच दिवा निम्मा काम करत नाही, कारण वरच मोठा दिवा असतो.

केंद्र सरकारनं २०१७च्या नोव्हेंबरात एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. बंदी कागदावर. रात्री किनाऱ्यावर उभं राहा, दिवे मोजता येतात. मासे उजेडाला का येतात ते जाणकारांनी सांगावं. आमचे म्हातारे म्हणायचे, खाणं वर येतं म्हणून मासा वर येतो.

---

खाऱ्या_पाण्यातली | ३ डिसेंबर, रात्री ९.४५

वेसावकर दादा, तुमच्या म्हाताऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. समुद्रविज्ञान शिकलेय, राहायला नुकतीच ठाण्याला आलेय, पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

समुद्रात रोज संध्याकाळी एक मोठी वारी निघते. डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, म्हणजे प्राणिप्लवक, दिवसभर खोल काळोखात दडून असतात. सूर्य मावळला की वर येतात, वरच्या थरातल्या वनस्पतिप्लवकावर चरतात आणि पहाटे परत खाली. कित्येक जीव रोज शेकडो मीटर जातात-येतात. जीवभाराच्या हिशेबानं जगातलं सगळ्यात मोठं स्थलांतर हेच, आणि ते रोज होतं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनार या ध्वनियंत्रावर समुद्राचा तळ दिवसा खाली आणि रात्री वर सरकताना दिसायला लागला. तो तळ नव्हताच. जिवंत थर होता.

खाली का जातात? उजेडात माशांना दिसतात म्हणून. आपल्या किनाऱ्यासमोर पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ आणि गढूळ आहे, त्यामुळे हा देखावा इथे तेवढा भव्य नसतो. खोल अरबी समुद्रात असतो. आर्क्टिकमध्ये हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तिथे ही वारी चंद्राच्या उगवण्या-मावळण्यावर चालते असं २०१६ साली दिसून आलं.

आता सडेतोड खूश होतील असं एक. आपल्या समुद्रात वनस्पतिप्लवक कधी फोफावतं हे दिवसाच्या लांबीवर ठरत नाही. उजेड बाराही महिने पुरेसा असतो, कमी पडतं ते खत. पावसाळी वाऱ्यांनी सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला खालचं पाणी वर येतं तेव्हा, आणि हिवाळ्यात उत्तरेचा कोरडा गार वारा वरचं पाणी थंड करून खाली बुडवतो तेव्हा, पोषक क्षार वर येतात आणि प्लवक वाढतं. उत्तर अटलांटिकची कथा उलटी. तिथे हिवाळ्यात खत असतं, उजेड नसतो. वसंतात दिवस वाढला आणि वरचा थर शांत झाला की समुद्र हिरवा होतो. नॉर्वेच्या स्वेरड्रुप यांनी १९५३ साली या हिशेबाची मांडणी केली, आणि त्यावर आजही भांडणं चालू आहेत.

---

मिनू_गोरेगाव | ३ डिसेंबर, रात्री १०.१५

२०१६ला जुहूला लाटा निळ्या चमकत होत्या, तेही प्लवकच का? आम्ही रात्री एक वाजता गेलो होतो बघायला, तोवर पोलिसांनी हुसकावलं.

---

खाऱ्या_पाण्यातली | ३ डिसेंबर, रात्री १०.३०

हो, मिनूताई. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव. पाणी हललं की चमकतो, म्हणून लाट फुटते तिथेच उजेड. त्याचे काही भाऊबंद असे आहेत की प्रयोगशाळेत सतत मंद उजेडात ठेवले तरी बाहेर रात्र असते त्या वेळी जास्त चमकतात. एका पेशीत घड्याळ! हेस्टिंग्ज आणि स्वीनी यांनी १९५०च्या दशकात ते मोजून दाखवलं.

---

खवचट_खानावळ | ४ डिसेंबर, सकाळी ८.००

सगळे झाडं नि प्लवक बोलतायत, आमच्या गल्लीतल्या नायकांना कुणी विचारत नाही. भाद्रपदात कुत्र्यांना काय होतं? तेही दिवस मोजतात का?

---

तबेलेवाला_पुतण्या | ४ डिसेंबर, सकाळी ११.४०

थट्टा नाही, खरंच. पाश्चात्त्य देशांतली घरातली कुत्री वर्षात केव्हाही माजावर येतात, पण आपली गावठी कुत्री बहुतेक पावसाळा सरतानाच. दिवस लहान व्हायला लागण्याशी त्याचा संबंध जोडतात. म्हणून ती म्हण.

आमच्या काकांचा जोगेश्वरीला म्हशींचा तबेला होता. म्हैस लहान दिवसांची. नवरात्रापासून पुढे थंडीभर माजावर येते, गाभण राहते. दहा महिने दहा दिवस धरले की वेत पावसाळ्यात आणि पुढे. म्हणून एप्रिल-मे महिन्यात दूध आटतं आणि काका चहावाल्यांच्या शिव्या खायचे. उकाड्याचाही हात आहेच, उन्हाळ्यात म्हैस माज दाखवतच नाही. कोंबडीचं उलटं. तिला अंड्यासाठी मोठा दिवस लागतो, म्हणून पोल्ट्रीत दिवे लावून सोळा तासांचा दिवस करतात. तुमचं रविवारचं ऑम्लेट म्हणजे फ्लडलाइटचीच कृपा.

---

सडेतोड | ४ डिसेंबर, दुपारी १२.१५

म्हशीच्या बाबतीत तुम्हीच उकाडा मध्ये आणलात. मग दिवस आणि तापमान वेगळं कसं काढणार? दिवस लहान होतो तेव्हाच गारवा येतो. माझा मुद्दा तोच आहे.

---

पक्षीवेडा_भांडुप | ४ डिसेंबर, दुपारी १२.५०

सडेतोड, हाच प्रश्न १९२०च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन यांना पडला होता. त्यांनी जंको नावाच्या चिमण्यांएवढ्या पक्ष्यांना एडमंटनच्या कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि रोज संध्याकाळी बल्ब लावून दिवस थोडा थोडा वाढवत नेला. थंडी हाडं गोठवणारी, तरी पक्ष्यांची शरीरं वसंत आल्यासारखी विणीला तयार झाली. गारवा तोच, दिवस बदलला. झालं की नाही वेगळं?

आणखी चमत्कारिक म्हणजे पक्ष्यांना हा उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही. बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात बदकांवर दाखवलं की उजेड कवटीतून आरपार मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तिथेच ओळखला जातो.

आपल्याकडे हिवाळ्यात धोबी पक्षी येतात, काळ्या डोक्याचे भारीट येतात. मार्चमध्ये त्यांना परत निघायचं असतं. मुंबईच्या घामात बसून तिकडे हजारो किलोमीटरवर बर्फ वितळला की नाही हे कसं कळणार? हवामान सांगू शकत नाही, दिवस सांगतो. भारिटांवर तर आपल्याच देशात खूप काम झालंय. फ्लेमिंगोंना मात्र यात ओढू नका. शिवडी-ठाणे खाडीत ते चिखलातलं खाणं आणि पाणी बघून येतात-जातात.

माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या खिडकीसमोरच्या दिव्याखाली दयाळ पक्षी पहाटे तीनला शीळ घालतो. सुंदर घालतो. पण तीनला!

---

शिरीषाखाली | ४ डिसेंबर, दुपारी ४.००

शिवाजी पार्कचे वर्षावृक्ष कुणी संध्याकाळी नीट पाहिलेत का? साडेसहाच्या सुमारास पानं मिटायला लागतात आणि सगळं छत्र विरळ होतं. आमची आजी म्हणायची, झाड झोपलं, फांदी हलवू नका.

चिंचेचंही तसंच. सिकंदराच्या आरमारातला अँड्रोस्थेनिस बहरीनला गेला होता, त्यानं चिंचेची पानं रात्री मिटतात हे लिहून ठेवलं. सव्वादोन हजार वर्षांहून जुनी नोंद! १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां यांनी लाजाळू काळोखात ठेवली, तरी पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. म्हणजे उजेड नसतानाही आत घड्याळ चालू. अशा घड्याळाचे पेशीतले भाग माशीत उलगडून दाखवल्याबद्दल २०१७चं नोबेल मिळालं.

पानं का मिटतात यावर ब्युनिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एक तर्क मांडला होता, मला फार आवडतो. पान उभं मिटलं की त्यावर चांदणं कमी पडतं, आणि चांदण्यानं रात्रीचा हिशेब चुकत नाही. पुनवेचं चांदणं अर्ध्या लक्सहूनही कमी. त्या हिशेबात तुमचा फ्लडलाइट म्हणजे गॅलरीत कित्येक पुनवा एकदम.

---

तिसरा_मजला | ४ डिसेंबर, रात्री ९.१०

बाप रे, मी एका कुंडीबद्दल विचारलं होतं. सगळ्यांना धन्यवाद. मिसळ जिंकली, नवऱ्यानं मेक्सिकोच्या अक्षांशाला हात जोडले.

कालपासून फ्रिजचा खोका घालतेय. सासूबाई विचारतात, "झाडाला सुतक आहे का?"

---

नाना_विलेपार्ले | ५ डिसेंबर, सकाळी ६.५०

आपण म्हणतो, संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. खरं तर २२ डिसेंबरनंतरच वाढायला लागतो. पण रोज सकाळी फिरायला जाणाऱ्याला ते पटत नाही, कारण मुंबईत सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूला. तिळाच्या हिशेबानं सकाळ पाहिली तर संक्रांतच बरोबर. झाडाला मात्र संक्रांतीची वाट बघावी लागत नसावी.

झाडांवर दिव्यांच्या माळा गुंडाळायची टूम आली तेव्हा मी पत्रं लिहिली होती. २०२४ साली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध जनहित याचिकाही आली, न्यायालयानं उत्तरं मागवली. न्यू यॉर्कमध्ये १९३६ सालीच नोंद झालीय की रस्त्यावरच्या दिव्यालगतच्या फांद्या पानगळ उशिरा करतात. नव्वद वर्षं होत आली.

---

सडेतोड | ५ डिसेंबर, सकाळी १०.००

नाना, पण दिवे नसतील तर बायकामुलींनी रात्री चालायचं कुठून? चोरी झाली म्हणून दिवा लागला हेही विसरू नका.

---

नाना_विलेपार्ले | ५ डिसेंबर, सकाळी १०.२५

दिवा नको म्हणत नाही हो. दिव्याला टोपी घाला, तोंड खाली करा. गेट उजळायचंय, तिसरा मजला नाही.

---

तिसरा_मजला | ९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

धागा वर काढतेय, हिशेब द्यायचा राहिला होता.

खोका डिसेंबरभर घातला. मग जानेवारीत नणंदेचं लग्न, पाच दिवस नागपूर. शेजारच्या मुलाला सांगितलं होतं, तो तीन दिवस विसरला. मला वाटलं गेलं सगळं. आता बघते तर झाड लाल झालंय, पण अर्धवट. काही पानं अर्धी हिरवी, अर्धी लाल, देठाकडून रंग चढलेला. लाल म्हणजे फूल नव्हे, पानंच, फुलं ती मधली पिवळी बोंडं, हेही या निमित्तानं शिकले.

खरी गंमत वेगळीच आहे. एसीच्या बाहेरच्या डब्यामागे एक फांदी वाकून गेली होती. ती मी खोक्यात कधी कोंबलीच नव्हती, मावत नव्हती. ती डिसेंबरच्या शेवटालाच पूर्ण लाल झाली होती आणि मला आत्ता, एसी सर्व्हिसिंगवाल्यानं दाखवली. तिथे फ्लडलाइटची सावली पडते.

---

पेशीपुराण | ९ फेब्रुवारी, रात्री ९.००

एकाच झाडावर प्रयोग आणि तुलनेचा नमुना, दोन्ही. माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं इतका स्वच्छ प्रयोग केला नाही. फोटो टाका.

---

सडेतोड | ९ फेब्रुवारी, रात्री ९.२०

डब्यामागे गरम हवा असते ना? म्हणजे थंडीमुळे नाही. ठीक आहे, मिसळ माझ्याकडूनही.

---

तिसरा_मजला | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३५

फोटो उद्या सकाळी टाकते, आत्ता खोका घातलाय. फांदी दाखवायला सेक्रेटरींना बोलावलं होतं. त्यांनी दिव्याचं तोंड खाली केलं, आणि त्यांच्या मिसेसना झाडाची फांदी हवी आहे. लगेच कापून देऊ का?

---

कुंडीतला_माळी | ९ फेब्रुवारी, रात्री ९.५०

आत्ता नको. मार्चअखेर रंग उतरला की छाटणी कराल, तेव्हा वीतभर काडी द्या. कापताना हातमोजे घाला, चीक अंगावर उठतो. काडीचं टोक पाण्यात बुडवून चीक थांबवा, मग मातीत खोचा. आणि मिसेसना विचारा, त्यांची गॅलरी कुठल्या बाजूला आहे.